फियाटने नागपूर: जायला पाच दिवस, यायला एक

सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं तेव्हाच मला कळलं होतं की आता फियाट जाणार. नवीन बिल्डिंगमधे एका फ्लॅटला एक पार्किंग, तेही त्या वरखाली सरकणाऱ्या लोखंडी पाळण्यात, आणि त्या पाळण्यात चाळीस वर्षांची म्हातारी चढवायची म्हणजे रोज सकाळी वॉचमनशी भांडण. नागपूरचा धाकटा भाऊ म्हणाला दादा इकडे दे पाठवून, अंगणात जागा आहे, शेड घालतो. ट्रकवर घालून पाठवायचं कोटेशनपण मागवलं होतं. मग एका रात्री जेवताना म्हणलं, मी चालवत नेतो. बायको भाकरी मोडत होती, ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "समृद्धीवरून?"

म्हणलं नाही, जुन्या रस्त्याने.

"मग मी पण येते, नाहीतर तुम्ही कुठे बंद पडलात ते कळायला चार दिवस लागतील."

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८५ ची, पण पद्मिनी असं आमच्यात काय, उभ्या महाराष्ट्रात कुणी म्हणत नसेल, सगळे फियाटच म्हणतात. मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, एवढाच काय तो फरक. १०८९ सीसीचं इंजिन, चार गियर, आणि गियरचा दांडा खाली नाही तर स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, त्यामुळे पुढची सीट सलग सोफ्यासारखी. सहा माणसं हक्काने आणि नऊ माणसं प्रेमाने बसायची. बाबांनी बुकिंग करून सहा वर्षं वाट बघितली होती. मधल्या काळात मारुती ८०० आली (१९८३ च्या डिसेंबरात), शेजारच्यांनी ती घेतली पण, आणि बाबांना सगळ्यांनी सांगितलं फियाटचे पैसे परत घ्या मारुती बुक करा, तर बाबा म्हणाले त्या साबणाच्या डबीत मी पाय कुठे ठेवू. बाबा सहा फूट होते. मुद्दा बरोबर होता.

माझी पहिली गाडी पण हीच. म्हणजे मी शिकलो हिच्यावर, पहिला डेंट हिला दिला, लग्नानंतर देवदर्शनाला हिच्यातूनच गेलो. पुढे दोन-तीन गाड्या घेतल्या, त्यांचे नंबर आज आठवत नाहीत. हिचा नंबर झोपेत विचारा. एमएच सुरू व्हायच्या आधीचा, तीन अक्षरी.

निघायच्या आधी महिनाभर मेकॅनिककडे होती. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वॉटर पंपाचं पॅकिंग, ब्रेकचे लायनर. पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदलले, कारण आताच्या पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं. मेकॅनिक म्हणाला, साहेब हिने शिशाचं पेट्रोल प्यायलंय, मग २००० साली ते बंद झालं तर बिनशिशाचं प्यायली, आता उसाचं पितेय. तरी चालते, आपल्यासारखी नाटकं करत नाही. फॅनबेल्ट नवीन टाकला आणि एक जास्तीचा डिकीत ठेवला. फॅनबेल्टचं का ते पुढे येईल.

दिवस पहिला: ठाणे ते नाशिक

पहाटे पाचला निघायचं ठरवलं आणि पावणेसातला निघालो. चोक (थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल देणारा खटका) ओढला, सेल्फ मारला, दोनदा खोकली आणि तिसऱ्याला लागली. चोक कधी आत ढकलायचा हे कुठल्या पुस्तकात नाही, इंजिनच्या आवाजावरून कळतं. माझ्या मुलाला हे शिकवायचा प्रयत्न केला होता तर तो म्हणाला बाबा म्हणजे गाडीचा मूड बघायचा का. हो, मूड बघायचा.

भिवंडी बायपासला तासभर गेला, कामं चालू आहेत, त्यावर लिहीत नाही, सगळ्यांनाच माहितीय. पण एक गंमत तिथेच सुरू झाली ती नागपूरपर्यंत चालली. मोबाईलवर मॅप लावला होता आणि ती बाई दर पाच मिनिटांनी आम्हाला समृद्धीवर न्यायला बघत होती. आमण्याचा फाटा येऊन गेला तरी तिने आशा सोडली नाही. यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या. शेवटी बायकोने फोन उलटा करून पर्समधे टाकला, आणि मग पाच दिवस आम्ही पाट्या वाचत गेलो. पाट्या वाचायची सवयच गेलीय हो. शहापूरला पोचेपर्यंत मी तिला दोनदा विचारलं, डावीकडे काय लिहिलं होतं गं?

कसारा घाटात तापमानाचा काटा चढला. अपेक्षित होतंच. अर्ध्या घाटात जागा बघून थांबलो, बॉनेट उघडलं, आणि रेडिएटरचं झाकण उघडायची चूक केली नाही (ती १९९१ साली केली होती, उजव्या मनगटावर खूण आहे). इंजिन थंड होईपर्यंत दगडावर बसून राहिलो. ह्या घाटात रेल्वेचा चढ सदतीसला एक असा आहे, म्हणून कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, लहानपणी बाबा तोंडपाठ केल्यासारखं हे दर वेळी सांगायचे आणि आम्ही दर वेळी कंटाळायचो. ह्या वेळी मी बायकोला सांगितलं आणि ती कंटाळली.

अर्ध्या तासात सात गाड्या थांबल्या. खोटं नाही, मोजल्या. चौघांनी फोटो काढले, दोघांनी विकणार का विचारलं, आणि एक टेम्पोवाले चाचा उतरून नुसतेच बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, वीस वर्षं मुंबईत हीच चालवली, काळीपिवळी. २०२३ च्या ऑक्टोबरमधे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली ते त्यांना तारखेसकट माहीत होतं. त्यांनी न विचारता ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसले, गियरचा दांडा एकदा वर खाली केला, बंद गाडीत, आणि उतरून गेले. चहा पण नाही घेतला.

नाशिकला दीडला पोचलो. दीडशे किलोमीटर, पावणेसात तास. मिसळ खाऊन झोपलो ते संध्याकाळी सहाला उठलो, पहिला दिवस संपला.

दिवस दुसरा: नाशिक ते संभाजीनगर

निफाड, विंचूर, येवला, वैजापूर. ह्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच, कारण गाडी मस्त चालली. गाडी मस्त चालली की लिहायला काही उरत नाही हे तेव्हा लक्षात आलं.

पंचेचाळीस-पन्नासचा वेग. आधी लाज वाटते, मागचे हॉर्न मारतात, डिपर देतात, मग एकदा ठरवलं की डाव्या कडेने जायचं आणि हात बाहेर काढून साइड द्यायची. वेंटिलेटरची तिकोनी काच उघडी ठेवली की वारा थेट तोंडावर येतो, एसीची आठवण होत नाही (अकरापर्यंत. अकरानंतर होते). पन्नासच्या वेगाला शेतात काय चाललंय ते दिसतं. गव्हाच्या ओंब्या, कांद्याचे ढीग, हरभऱ्याची सोंगणी. हरभऱ्यापाशी बायकोने गाडी थांबवायला लावली आणि बांधावरच्या आजीकडून सोलाण्याचे दोन जुडगे आणले, पैसे घेईना म्हणून अर्धा तास भांडण, मग आजीला गाडीतून तिच्या वस्तीपर्यंत सोडलं. आजी पुढच्या सीटवर आमच्या दोघांच्या मधे. ती सलग सीट म्हणजे हेच. नवीन गाडीत आजीला मागे बसवलं असतं आणि ती सीटबेल्ट शोधत बसली असती.

येवल्याला पैठणीच्या दुकानात गेलो. त्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

वैजापूरच्या पुढे एका ठिकाणी पाणी प्यायला थांबलो तर डोक्यावर समृद्धीचा पूल. खाली आमचा रस्ता, कडुनिंब, एक पानटपरी, कुत्रं. वरून नुसते आवाज. सूंऽऽ... सूंऽऽ. गाडी दिसत नाही, आवाज येतो तेव्हा ती गेलेली असते. टपरीवाला पोरगा म्हणाला, मामा पयले इथून रातभर ट्रका जायच्या, आता समद्या वरून जातेत. धंदा? धंदा काय, गावातलेच येतेत आता. तक्रारीच्या सुरात नाही बोलला, हवामान सांगावं तसं बोलला.

"मामा" वरून आठवलं, ह्या रस्त्यावर तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला काय हाक मारतात त्यावरून कळतं. ठाण्यात मी काका. नाशिककडे दादा, नाहीतर थेट बाबा. मराठवाडा लागला की मामा. आणि पुढे वऱ्हाडात काकाजी. समृद्धी ह्याच महाराष्ट्रातल्या दहा जिल्ह्यांतून जातो, पण टोलवरचा माणूस सगळीकडे सरच म्हणतो.

दिवस तिसरा: संभाजीनगर ते मेहकर

हा दिवस मला करायचा होता आणि करायचा नव्हताही.

जालना झालं. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांचा राजवाडा बघितला, जिजाऊंचं जन्मस्थान, १५९८. दुपारचं ऊन, शाळेची एक सहल आली होती, पोरं वाड्यात कमी आणि फियाटभोवती जास्त. मास्तर ओरडून ओरडून दमले. एका पोराने विचारलं, आजोबा ह्याला चार्जिंग कुठून करतात? मास्तरांकडे बघितलं तर मास्तर पण उत्तराची वाट बघत होते की काय असं वाटलं.

सिंदखेडराजाच्या पुढे दुसरबीड, आणि दुसरबीड ते मेहकरच्या मधे कुठेतरी ती जागा.

मे १९९३. रात्री साडेसातला नागपूरहून काकाचा फोन आला की आजोबा सिरियस आहेत. रेल्वेचं रिझर्वेशन मिळणं शक्य नव्हतं, उन्हाळी सुट्टी, बाबा म्हणाले गाडी काढतो. बाबा, आई, मी. धाकटा भाऊ तेव्हा नागपुरातच होता, इंजिनीअरिंगला, आजोबांकडेच राहायचा. आठला निघालो. रात्रभर बाबा आणि मी आलटून पालटून चालवत होतो, एवढी पळवली नव्हती फियाट कधी, पासष्ट सत्तर, त्या रस्त्यांवर. पहाटे चारच्या सुमाराला टप्पकन आवाज झाला, डॅशबोर्डवर लाल दिवा, दोन मिनिटांत काटा वर. फॅनबेल्ट तुटला. ह्या गाडीत तो एक पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो असं सगळं फिरवतो, तो गेला की गाडी गेली. जास्तीचा बेल्ट आम्ही कायम ठेवायचो, त्या दिवशी घाईत डिकीतलं सामान उतरवून ठेवलं होतं, त्यात तो पण उतरला.

आईने परकराची नाडी काढून दिली. ती पीळ घालून बांधली, तीन किलोमीटर चाललो, तुटली. परत बांधली, एक किलोमीटर. मग उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला, एका मोठ्या वडाखाली. एक ट्रकवाला थांबला, त्याच्याकडे होता बेल्ट पण ट्रकचा. सकाळच्या पहिल्या एसटीने मी मेहकरला गेलो, दुकान नऊला उघडलं, बेल्ट घेतला, परतीची एसटी मिळेना, एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आलो. नागपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. आजोबा पहाटेच गेले होते. दुपारी चारपर्यंत वाट बघितली म्हणाले, उन्हाळा, अजून ठेवणं शक्य नव्हतं.

बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर अंगणात ते गाडी धूत होते. तासभर. चाकाच्या आतपर्यंत. नंतर बाबा अठरा वर्षं जगले, त्या रात्रीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. आमच्या डिकीत मात्र त्यानंतर कायम दोन फॅनबेल्ट असायचे.

तर तो वड मला बघायचा होता. रस्ता रुंद झालाय, कडेची जुनी झाडं बरीचशी नाहीत. तीनदा वाटलं की हीच जागा, तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा एक बाई शेतातून येत होत्या, त्यांना विचारलं इथे मोठा वड होता का, त्या म्हणाल्या, "वड तं लय होते जी. तुमचा कोणता?"

सांगता येईना.

बायको गाडीत बसून होती. ती घरात आली १९९५ ला, तिला ही गोष्ट आईकडून कळलेली. ती म्हणाली, "तेव्हा समृद्धी असता तर पहाटे चारला तुम्ही नागपुरात असता." आणि हिशोब बरोबर होता, रात्री आठ ते पहाटे चार म्हणजे आठ तास. मी एवढे तीन दिवस जुना रस्ता, जुनी गाडी, झाडं, आजी, सोलाणे असं सगळं मनात लिहीत आलो होतो, त्याला हे टाचणी लावल्यासारखं झालं. ज्याला पोचायची घाई नाही त्याला सावकाश प्रवास छान वाटतो. बाबांना त्या रात्री एकशेवीसचा रस्ता आणि एकशेवीसची गाडी दिली असती तर त्यांनी कडुनिंबाकडे बघितलंही नसतं, आणि मी पण नाही.

गंमत म्हणजे त्या पट्ट्यात ह्या वेळी गाडीला काहीही झालं नाही. घड्याळासारखी चालली. मेहकरला मुक्काम. तिथल्या बालाजीचं दर्शन घेतलं, काळ्या दगडातली उंचच्या उंच मूर्ती आहे, बायको बराच वेळ बसली, मी बाहेर गाडीपाशी. लोणार तिथून जवळ आहे, पण गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी बघायची ताकद संपली होती.

दिवस चौथा: मेहकर ते वर्धा

आदल्या रात्री मुलाचा फोन. बाबा, लाइव्ह लोकेशन आता का बंद आहे? म्हणलं फोन आईच्या पर्समधे उलटा आहे. तो म्हणाला मी दिवसभर बघत होतो, तुमचा ठिपका दोन तास एकाच जागी होता, मी घाबरलो. दोन तास म्हणजे तो वड. म्हणलं चहा पीत होतो. त्याला आपण सध्या कुठे आहोत हे चोवीस तास दिसायला लागतं. १९९३ मधे आम्ही वीस-बावीस तास रस्त्यावर होतो आणि नागपुरात कुणालाही आम्ही कुठे आहोत हे माहीत नव्हतं, भाऊ दर अर्ध्या तासाने गेटपर्यंत जाऊन बघत होता. कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका चालू ठेवला.

मालेगाव (जहांगीर), शेलूबाजार, कारंजा. पळस फुलायला लागलेत, पानं नाहीत, नुसती भगवी झाडं. जुना रस्ता आणि समृद्धी मधून मधून एकमेकांच्या डोक्यावरून जातात, दर वेळी तो आवाज.

कारंजाच्या पुढे दुपारी दीडला, भर उन्हात, फियाट आचके देत थांबली. मला एकदम हायसं वाटलं, खरंच, कारण आता हिने आपला वाटा उचलला होता. व्हेपर लॉक. इंजिनला चिकटलेला पेट्रोलपंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता वाफ ओढत बसतो. नवीन गाड्यांना हा प्रकार माहीत नाही, त्यांचा पंप टाकीत बुडवलेला असतो. इलाज एकच, पंपावर ओला कपडा आणि धीर.

मी कपडा शोधतोय तेवढ्यात सायकलवरून एक गृहस्थ आले, सत्तरीचे असतील, धोतर, टोपी.

"काहून जी काकाजी, गरम झाली काय?"

"हो हो, पंप तापला."

"मंग ओला फडका टाका न त्याच्यावर. आमच्या मालकाकडे होती अशी. दुपारी बारानंतर काढतच नव्हते तिले." आणि गळ्यातला पंचा काढून, बाटलीतलं पाणी ओतून स्वतःच पंपावर बसवला. जागा अचूक. मग आम्ही तिघं बाभळीच्या सावलीत. कापसाचा भाव, तुरीचा भाव, पोरगा पुण्याला आहे, कंपनीत, वर्षातून दोनदा येतो, समृद्धी झाल्यापासून तीनदा येतो. "आता रातीतून येते आन रातीतून जाते. बुढीच्या हातचं जेवते आन जाते." हे त्यांनी कौतुकानेच सांगितलं. वर्षात एक जेवण जास्त, ते त्या रस्त्याचं देणं. मी मान हलवली.

पंचा परत घ्यायला तयार नव्हते. राहू द्या, अजून गरम होईन. तो पंचा आता फियाटच्या डिकीत आहे, फॅनबेल्टच्या शेजारी.

पुलगाव ओलांडून वर्ध्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायकोची पाठ धरली होती. हे पण लिहायला पाहिजे. ती सोफ्यासारखी सीट दिसायला छान, पण पाठीला आधार शून्य, डोक्याला टेकण नाही, खड्डा आला की छत लागतं. आठवणींत पाठ दुखत नाही. वर्ध्याच्या लॉजवर गरम पाण्याची पिशवी मागितली आणि झोपलो.

दिवस पाचवा

सकाळी सेवाग्राम. बापूकुटी. गांधीजी इथे १९३६ ला राहायला आले. माती, बांबू, सारवलेली जमीन. मला सर्वांत लक्षात राहिला तो व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोन, तिथे एका पेटीत. कुटीत वीज नाही पण दिल्लीचा फोन आहे. घाई तिथेही पोचली होती तर.

वर्ध्याहून गोरसपाक घेतला, भावाच्या पोरांसाठी म्हणून, अर्धा डबा आम्हीच संपवला. पंचाहत्तर किलोमीटर, बाराच्या आत घरात. भाऊ गेटवरच उभा होता. म्हणाला, "दादा, ठिपका बघत होतो, पण तरी बाहेर आलो." मग आम्ही दोघं गाडीकडे बघत बसलो, काही बोललो नाही. तोही गेटवर उभा होता, १९९३ लाही.

मीटरवर आठशे दहा किलोमीटर झाले होते.

परतीचा दिवस

दोन दिवस राहिलो, मग पुतण्या मुंबईला कामावर परत जाणार होता त्याच्या गाडीतून निघालो. नवीन गाडी, ऑटोमॅटिक, छताला काच. सकाळी सातला समृद्धी धरला. काय रस्ता आहे हो. मनापासून सांगतो. ७०१ किलोमीटर, सहा लेन, मधे कुठे सिग्नल नाही, गुरं नाहीत, जंगलातल्या जनावरांना जायला वरून हिरवे पूल. २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा उघडला आणि २०२५ च्या जूनमधे इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. पुतण्याने एकशेवीसला क्रूझ लावलं आणि पाय मागे घेतला. वर्धा कधी गेलं कळलं नाही. कारंजा कधी गेलं कळलं नाही. बायको झोपली, तिच्या पाठीला ती सीट आवडली होती.

मधे तासभर मी चालवायला घेतली. पुतण्या म्हणाला मोठेबाबा, फक्त रस्त्याकडे बघत राहा, इथे झोप येते. ते मात्र खरंय. काही घडतच नाही त्यामुळे डोळे ताठ होतात. टायर फुटून आणि डुलकी लागून इथे माणसं गेलीत, सिंदखेडराजाजवळ २०२३ च्या जुलैत बसला आग लागून पंचवीस गेली. टायरची हवा बघितल्याशिवाय ह्या रस्त्यावर येऊ नका, एवढं ऐका.

पुढे एक ट्रक लेन सोडून डावीकडे यायला लागला, मी वेग कमी केला आणि सवयीने डावा हात वर गेला, स्टीअरिंगपाशी, गियर उतरवायला. कोरड्या आभाळाखाली वायपर सुरू झाले. फर्रर्र फर्रर्र. पुतण्या हसून हसून लोळला. बंद कसे करायचे ते मला सापडेना.

दुसरबीडच्या आसपास मी त्याला म्हणलं, इथेच कुठेतरी, खालच्या रस्त्याला, तुझ्या आजीने परकराची नाडी... "कुठे?" त्याने मान वळवली. तोपर्यंत ते मागे गेलं होतं.

इगतपुरीचा बोगदा आठ किलोमीटरचा, आत गेलो आणि बाहेर आलो, कसारा घाट नाहीच. चाचा ज्या वळणावर उतरले होते ते वरच कुठेतरी राहिलं. जेवणाचा अर्धा तास धरून दुपारी साडेतीनला आमण्याला उतरलो, आणि तिथून ठाण्याला पोचायला दोन तास लागले. आठ तासांत सातशे किलोमीटर आणि दोन तासांत तीस. पुतण्याने त्या दोन तासांत जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या मी पाच दिवसांत दिल्या नव्हत्या.

घरी पार्किंगमधे जागा रिकामी होती. फरशीवर ऑइलचा काळा गोल, चाळीस वर्षं एकाच जागी पडलेल्या थेंबांचा. वॉचमन म्हणाला रॉकेलने पुसून टाकू का साहेब. म्हणलं राहू दे, बिल्डिंगच पाडणार आहेत.

रात्री नऊला भावाचा फोन.

"दादा, चोक किती ओढायचा?"

"आता? रात्री?"

"शेडमधे घ्यायचीय. सुरूच होईना."

"अर्धा ओढ. ॲक्सिलरेटर अजिबात नको. सेल्फ मार, सोड, परत मार. आणि फोन तिथेच ठेव, बॉनेटवर."

खर्र खर्र. शांतता. खर्र. मग दोनदा खोकली आणि लागली. मी फोन स्पीकरवर टाकला. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली, दारात उभी राहून ऐकत राहिली, भाऊ तिकडे ओरडत होता लागली लागली.

बायको म्हणाली, "बेल्ट वाजतोय. सैल झालाय. त्यांना सांगा, उद्याच्या उद्या आवळून घ्या."